‘लायपोसोमल’ म्हणजे थेट पेशीत?

प्रश्न : २०२१ मध्ये काळ्या बुरशीसाठी वडिलांना लायपोसोमल इंजेक्शनं दिली होती. आता एक विक्रेता ‘लायपोसोमल’ व्हिटॅमिन सी आणतो. थेट पेशीत शिरतं म्हणे. आईची कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून हेच द्यावं का? – एक वाचक, सडक अर्जुनी

उत्तर : गोळी बंद करू नका. लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाचा अतिसूक्ष्म फुगा. वडिलांचं औषध थेट रक्तात गेलं. त्या वेष्टनामुळे मूत्रपिंडांना होणारा त्रास कमी होतो. तोंडाने घेतलेले असे बरेचसे फुगे मात्र पित्तरसातच फुटतात.

शिवाय पेशी निवडून घेते. यकृतातला एसआर-बी१ हा ग्राही (पेशीवरचं कण पकडणारं प्रथिन) काही लायपोसोमनाही चिकटतो. पण चिकटला म्हणजे कण आत गेलाच असं नाही : एचडीएल कणातलं कोलेस्टेरॉल तेवढं काढून हा ग्राही कण सोडून देतो. पोतं दारात ठेवून तांदूळ तेवढे आत घ्यावेत, तसं! एलडीएल कण मात्र दुसऱ्या ग्राहीतून पोत्यासकट आत जातो. हे उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आईची गोळी स्टॅटिन असेल, तर ती यकृतावर हेच एलडीएलचे ग्राही वाढवते. ते काम व्हिटॅमिन सी करत नाही.

मुतखडा झाला असेल, तर या जीवनसत्त्वाचे मोठे डोस टाळा. हौसच असेल तर आवळा स्वस्त पडेल. गोळीने अंग दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मात्रा किंवा औषध बदलता येतं.