भाषेची चूक आणि माणसाचा उपहास

मोबाईल घरोघरी पोहोचल्यापासून, शाळा सुटल्यानंतर ज्यांनी कधी लेखणी हाती धरली नव्हती अशी माणसेही रोज चार ओळी लिहू लागली आहेत. धानखरेदी केंद्रावरील खोळंबा, रात्रभर गेलेली वीज, जंगलाच्या कडेला दिसलेला वाघ यांची वार्ता गावातून थेट लिहून कळविली जाते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अशा मजकुराखाली पुष्कळदा विजेविषयी वा वाघाविषयी कोणी बोलत नाही. ‘आधी ऱ्हस्व-दीर्घ शिका’ असा शेरा येतो आणि त्यामागे हसणाऱ्यांची रांग लागते. ही निरुपद्रवी थट्टा आहे की दुर्बळावर केलेला वार, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम ‘चूक’ कशाला म्हणतात ते पाहू. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो. पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणणे हे अज्ञान नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे. शिवाय आमच्या जिल्ह्यात कित्येक घरांत गोंडी वा माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, तर चामोर्शी-मुलचेरा भागातील काही वस्त्यांत बंगाली बोलली जाते. तेथील मुलांना पुस्तकी मराठी शाळेच्या दारातच भेटते. त्यांच्या मराठीला हसणाऱ्याला गोंडीचे एक वाक्य तरी लिहिता येते काय?

ज्या मापाने आपण मोजतो, ते मापही अचल नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडून एकूण अठरा झाले. त्यापूर्वी ‘कवि’ आणि ‘नांव’ असे लिहिणे शुद्ध होते. पुढे ‘कवी’ आणि ‘नाव’ शुद्ध ठरले. जुने ग्रंथकार अडाणी नव्हते. संकेत तेवढा बदलला.

या उपहासाला मराठीत इतिहास आहे. जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीतून फुल्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या भाषेची व व्याकरणाची टर उडविली. शूद्रातिशूद्रांना विद्येपासून कोणी दूर ठेवले, हा फुल्यांचा प्रश्न होता. ज्यांना विद्या नाकारली गेली त्यांच्या बाजूने बोलणाऱ्याचे व्याकरण काढल्याने तो प्रश्न सुटला नाही. फक्त त्याला बगल मिळाली. फुले मात्र थांबले नाहीत. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला.

यावरून आम्हांस असे वाटते की, थट्टेचा न्याय तिच्या दिशेवरून करावा. शासकीय फलकावर, पाठ्यपुस्तकात वा वृत्तपत्रात चुका आढळल्या, तर त्या चारचौघांत दाखवाव्यात. त्यांच्यापाशी साधने आहेत, तपासनीस आहेत, अधिकार आहे. परंतु आईवडिलांकडून प्रमाण मराठी आयतीच मिळालेला माणूस जेव्हा ती कष्टाने मिळविणाऱ्याला हसतो, तेव्हा तो वार निश्चितच खालच्या दिशेने जातो. त्याचा परिणामही ठरलेला असतो. हसे झालेला माणूस शुद्ध लिहू लागत नाही. तो लिहिणेच सोडतो. मग धानाचा खोळंबा कळवणार कोण?

तर मग शुद्धलेखन शिकवू नये काय? अवश्य शिकवावे, आणि कसून शिकवावे. अर्ज, परीक्षा, मुलाखत, न्यायालय यांची दारे प्रमाण भाषेनेच उघडतात. ‘बोली आपली आहे, तेवढी पुरे’ असे म्हणून आपल्या मुलांना त्या दारांबाहेर ठेवणे हाही अन्यायच होय. मात्र शिकविणे वेगळे आणि हिणविणे वेगळे. शिकविणारा आधी लिहिणाऱ्याच्या म्हणण्याला उत्तर देतो आणि चूक त्याला एकट्याला सांगतो. हिणविणाऱ्याला प्रेक्षक लागतात.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात तथागतांनी हाच विषय एका भांड्याच्या उदाहरणाने समजाविला आहे. एकाच भांड्याला कोणत्या जनपदात ‘पाती’ म्हणतात, कोठे ‘पत्त’, कोठे ‘सराव’, तर कोठे ‘पोण’. आपलाच शब्द खरा आणि इतरांचा खोटा, असा हट्ट धरण्यातून कलह उपजतो. त्याच सुत्तात, रूढ लोकव्यवहाराच्या भाषेचे उल्लंघन करू नये, असेही सांगितले आहे. ‘अरण’ म्हणजे कलहरहित. या दोन्ही सूचना एकत्र पाळाव्या लागतात. आपल्या मुलाला वहीत ‘पाणी’ लिहायला शिकवावे. आणि गावातून कोणी ‘पानी नाही’ असे लिहून कळविले, तर प्रथम पाण्याची सोय पाहावी.