दातांना विरजण लागते का?



आपल्या एका हितचिंतक भगिनींनी मला फोनवर विचारले, "वसतिगृहातल्या मुलांसाठी प्रोबायोटिक गोळ्या पाठवू का? त्यांनी दात किडत नाहीत म्हणे." त्यांनी इतक्या आपुलकीने विचारले, की नीट अभ्यास करूनच उत्तर द्यावेसे वाटले.

दातात अळी पडते असे पाड्यावर अजूनही सांगतात. अळी नसते. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जीवाणू राहतात. त्यांतले स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे काही जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच हळूहळू विरघळते. प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपयोगी असे जिवंत जीवाणू. ते तोंडात सोडले तर उपद्रवी जीवाणूंची जागा घेतील, असा यामागचा विचार.

हा विचार पोकळ नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या पाळणाघरांतील १ ते ६ वर्षांच्या ५९४ बालकांवर एक प्रयोग झाला. एका गटाला सात महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हे जीवाणू घातलेले दूध दिले, दुसऱ्या गटाला साधे. २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात कीड कमी आढळली, विशेषतः तीन-चार वर्षांच्या मुलांत.

पण घरी एकदा विरजण लावले की रोज दही लागत जाते, तसे तोंडात होत नाही. हे पाहुणे जीवाणू तिथे कायमचे वस्ती करत नाहीत. देणे थांबले की थोड्याच दिवसांत नाहीसे होतात. शिवाय लॅक्टोबॅसिलस स्वतःही आम्ल तयार करतात आणि खोल किडलेल्या दातांत ते सापडतात! म्हणून गोळी घेतली तरी ब्रश सुटत नाही. घरचे दही-ताक मुलांना जरूर द्यावे, साखर न घालता. मात्र त्यातले जीवाणू प्रयोगातले तेच असतील असे नाही.

मी भगिनींना कळवले, की गोळ्यांऐवजी ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट पाठवा. लहानांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. रात्री झोपण्यापूर्वीचे दात घासणे चुकू नये. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे आम्ल धुतले जात नाही.

एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो. भेटीला येणारे बहुतेक जण मुलांसाठी चॉकलेटे आणतात, आणि गेल्या नाताळात लिमलेटच्या गोळ्या मीच ओंजळीने वाटल्या. जानेवारीत दाढ ठणकते म्हणून एक मुलगी रात्रभर रडत होती. यंदा खाऊ आणाल तेव्हा फुटाणे, शेंगदाणे, पेरू आणा. मुले तितक्याच आनंदाने खातात.