दिवेलागण आणि हातातील पडदा

दिवेलागणीची वेळ ही आपल्या घरांत पूर्वापार एकत्र येण्याची वेळ होय. देवापुढे निरांजन लागावे, मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणावी, परवचा व्हावा, वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा आणि पाने मांडली जाईपर्यंत आजीभोवती गोष्टीसाठी गराडा पडावा, असा हा क्रम. यात उपासना होती, तसेच शिक्षणही होते. आज त्या वेळी आपल्या घरात काय चालते, हा या महिन्याच्या अभ्यासाचा विषय आहे.

परवा सायंकाळी बडोद्यातील एका परिचित कुटुंबात जाण्याचा योग आला. बैठकीत घरातील चार माणसे बसली होती आणि चौघांच्या हातांत चार मोबाइल होते. देवघरातून आजींनी सहा-सात वर्षांच्या नातवाला हाक मारली, "अरे, कोनाड्यातले निरांजन तेवढे आण पाहू." नातवाने मान वर न करताच विचारले, "आजी, निरांजन म्हणजे काय गं?" आजी काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी स्वतःच ते घेतले. मुलगा गुणी आहे, शाळेतही हुशार आहे. दोष त्याचा नव्हे. तो शब्द त्याच्या कानी पडावा अशी वेळच त्या घरात उरली नव्हती.

१. पूर्वीची यंत्रे आणि आजचे यंत्र

यंत्राविषयीची तक्रार नवी नाही. रेडिओ आला तेव्हाही मुले बिघडतील असे म्हणणारे होते. दूरदर्शनचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत केंद्र निघाले. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामायण मालिका दिसू लागली, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओटीवर सारी आळी जमत असे. तत्पूर्वी १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्य यांविषयीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. तेथेही संच गावाचा होता, वेळ ठरलेली होती आणि पाहणारे एकत्र बसत होते.

त्या यंत्रांत दोष नव्हते असे नाही. खेळ मोडले, आल्यागेल्याशी बोलणे तुटले. परंतु त्यांना दोन मर्यादा होत्या. ती घरात सर्वांची मिळून एक होती, आणि त्यांचा कार्यक्रम केव्हातरी संपत असे. हातातील मोबाइलने या दोन्ही मर्यादा काढून टाकल्या आहेत. तो ज्याचा त्याचा असतो, म्हणून एका खोलीत बसूनही माणसे चार ठिकाणी असतात. आणि त्यावरील चित्रफितींना शेवट नसतो. एक संपताच दुसरी आपोआप पुढे येते. मूल कोणत्या चित्रापाशी किती क्षण रेंगाळले याची नोंद होते आणि त्याच मासल्याचे दुसरे त्याच्यापुढे मांडले जाते. या व्यवसायाचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते आणि पाहणारा जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती अधिक दाखविता येतात. तेव्हा मूल थांबत नाही, याचे कारण केवळ त्याच्या हट्टात नाही. ते थांबू नये अशीच त्या यंत्राची रचना आहे, हे आपण प्रथम समजून घेतले पाहिजे.

तथापि यंत्राचे उपकार विसरणे न्यायाचे होणार नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा अनेक मुलांची शाळा याच यंत्राच्या आधारे चालू राहिली. परगावच्या लेकीचे तोंड आईला रोज दिसते, ते यामुळेच. म्हणून प्रश्न यंत्र टाकण्याचा नाही. घरातील कोणती वेळ त्याला द्यावयाची आणि कोणती मुळीच द्यावयाची नाही, हे ठरविण्याचा आहे.

२. भाषा कोणाकडून येते?

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथे मुलाची शाळा बहुधा अन्य भाषेची असते, खेळगडी अन्य भाषा बोलतात आणि बाजारही अन्य भाषेतच होतो. त्याला मराठी मिळते ती घरात, आणि घरातही मुख्यतः सायंकाळच्या त्या दीड-दोन तासांत. तेवढा काळ पडद्याकडे गेला, तर त्याची भरपाई दुसरीकडे कोठेच होत नाही.

कोणी म्हणेल, मोबाइलवरही मराठी गोष्टी व गाणी असतात, ती लावून द्यावीत. यासंबंधी २००३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषी घरांतील बालकांना चिनी भाषा ऐकविली. काही बालकांशी चिनी बोलणाऱ्या व्यक्ती समोर बसून खेळल्या, बोलल्या व त्यांना पुस्तके वाचून दाखविली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बालकांना तीच माणसे, तेच बोलणे, पण पडद्यावर दाखविले. पहिल्या गटातील बालके चिनी भाषेतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखू लागली. पडदा पाहणाऱ्यांच्या पदरी काहीच पडले नाही.

याचा अर्थ उघड आहे. तान्हे मूल भाषा शिकते ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून आणि आपल्या हुंकाराला मिळणाऱ्या प्रत्युत्तरातून. आजी गोष्ट सांगताना थांबते, नातू "मग?" म्हणतो, आणि त्या एका "मग"वर गोष्ट पुढे वळण घेते. पडदा बोलतो खरा, पण ऐकत नाही. मोठी मुले पडद्यावरून शब्द शिकतात हे मान्य केले, तरी घरच्या माणसाची जागा तो घेऊ शकत नाही.

आरोग्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असा सल्ला दिला की, एक वर्षाच्या आतील बालकास पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासाहून अधिक दाखवू नये. चीनमधील ग्वांगझौ येथे शाळेतील मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेले, तेव्हा तीन वर्षांत नव्याने चष्मा लागणाऱ्या मुलांचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिले, असे २०१५ साली दिसून आले. सूर्यप्रकाशात खेळणे ही चैन नसून डोळ्यांची गरज आहे.

३. एका गावाचा प्रयोग

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. महामारीच्या काळात तेथील मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही ते सुटेनात. तेव्हा २०२२ साली स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेने एक ठराव केला. रोज सायंकाळी सात वाजता गावच्या मंदिरावरील भोंगा वाजावा आणि साडेआठ वाजेपर्यंत घरोघर मोबाइल व दूरचित्रवाणी बंद असावी. त्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, इतरांनी वाचावे, परस्परांशी बोलावे. आरंभी काहींनी या कल्पनेची थट्टा केली. तेव्हा अंगणवाडी सेविका, आशा सेविका, ग्रामपंचायतीचे सेवक व निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, आणि भोंगा वाजला की गावातील घरे पडदे मिटू लागली.

या प्रयोगातील मर्म वेळेत वा भोंग्यात नाही. तो भोंगा मुलांसाठी वाजत नव्हता, तर सर्वांसाठी वाजत होता. बापाच्या हातात मोबाइल आणि मुलाच्या हातात पुस्तक, असा नियम कोणत्याही घरात चार दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही. मूल सांगितलेले थोडे ऐकते आणि पाहिलेले सारे उचलते.

सरकारेही आपल्या परीने पावले उचलीत आहेत. भारताच्या २०२३ च्या कायद्यात, मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. परंतु कायद्याचा पहारा वेशीपर्यंतच असतो. घरातील दिवा घरच्यांनीच लावावयाचा असतो.

४. घरी आचरण्याजोगे

पहिली गोष्ट, दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंतचा काळ घरातील सर्वांनी पडद्याविना घालवावा. मोबाइल एका ठरावीक जागी ठेवावेत आणि घरातील कर्त्या माणसाने आपला सर्वांआधी ठेवावा. दुसरी, केवळ वस्तू काढून घेऊ नये. तिच्या जागी काहीतरी द्यावे. गोष्ट, पत्ते, निवडण्यासाठी भाजी, देवघरातील एखादे लहानसे काम, काहीही चालेल. रिकाम्या हातांना पडदाच आठवतो. तिसरी, मूल रडले म्हणून त्याच्या हाती मोबाइल देण्याची सवय तान्हेपणीच लागू देऊ नये. चौथी, मोठ्या मुलांना हे यंत्र कसे चालते, कोणाच्या लाभासाठी चालते, हे समजावून सांगावे. आपल्याला कोणी खेळवीत आहे, हे तरुण मनाला कळले की ते आपण होऊन सावध होते.

आरंभी मुले कुरकुरतील. कदाचित मोठी माणसे त्यांहून अधिक कुरकुरतील. काही दिवस घर उगाच शांत वाटेल. त्या शांततेला घाबरू नये. आजीची गोष्ट तिच्यातूनच सुरू होते, आणि निरांजन म्हणजे काय हे मुलाला सांगावे लागत नाही. ते त्याच्या हातात द्यावे लागते.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. काल सायंकाळी सात ते साडेआठ आपल्या घरातील प्रत्येक जण काय करीत होता?
२. आपल्या आईच्या वा आजीच्या बोलण्यातील असे कोणते पाच शब्द आहेत, जे आपल्या मुलांना ठाऊक नाहीत?
३. मुलांसाठी केलेला कोणता नियम आपण स्वतः पाळत नाही?