हर-२ जनुक आणि पेशीतील संदेशवहन : स्तनार्बुदाच्या अहवालातील एका नोंदीचा अर्थ

स्तनातील गाठीच्या बायॉप्सीचा अहवाल घेऊन रुग्णा अथवा तिचे आप्त आपल्या चिकित्सालयात येतात. त्या अहवालाच्या अखेरीस बहुधा तीन नोंदी असतात : ईआर, पीआर आणि हर-२. पहिल्या दोहोंचा संबंध संप्रेरकांशी आहे, हे बहुतेक वैद्यांना ठाऊक असते. तिसऱ्या नोंदीवर मात्र आपली दृष्टी सहसा स्थिरावत नाही. वास्तविक रुग्णेची पुढील चिकित्सा कोणती, ती किती काळ चालणार आणि तिच्या हृदयाकडे किती लक्ष द्यावे लागणार, हे बऱ्याच अंशी या नोंदीवर ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात या जनुकाचे प्राकृत कर्म व त्याची विकृती यांचा विचार आम्ही करीत आहोत.

वृद्धिघटकांची कथा उंदराच्या पिलांपासून सुरू होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला असता त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडतात, असे स्टॅनली कोहेन यांच्या ध्यानात आले. त्या अर्कातील त्वचापेशींची वाढ करविणारे द्रव्य त्यांनी वेगळे केले. या क्षेत्रातील कार्यासाठी १९८६ मध्ये त्यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य पेशीत शिरत नाही, ते पेशीपटलावरील ग्राहक प्रथिनाला बाहेरून चिकटते. या ग्राहकांचे चार भावंडांचे कुल आहे आणि हर-२ हा त्यातील दुसरा. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असून ईआरबीबी-२ हे त्याचे अधिकृत नाव होय.

ग्राहकाचे तीन भाग कल्पावेत : पेशीबाहेरचा, पटलात रुतलेला आणि पेशीच्या आतला. बाह्य भागाला वृद्धिघटक चिकटला की मिटलेला ग्राहक उघडतो आणि शेजारच्या ग्राहकाशी त्याची जोडी जमते. जोडी जमताच आतील विकर जागृत होतात व एकमेकांच्या शेपटीतील टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवितात. फॉस्फेट बसलेली ही स्थाने म्हणजे पुढील प्रथिनांना बसण्याची आसनेच. तेथून संदेश दोन प्रमुख मार्गांनी जातो. पहिल्या मार्गात रास नावाचे प्रथिन जीडीपी टाकून जीटीपी धारण करते. मग राफ, मेक आणि अर्क अशी शृंखला क्रमाने जागृत होऊन संदेश केंद्रकात पोहोचतो व पेशी विभाजनास सिद्ध होते. दुसरा मार्ग पीआय-३ कायनेज आणि एकेटी यांचा. तो पेशीला मृत्यूपासून राखतो. या दुसऱ्या मार्गाला पी-टेन हे प्रथिन लगाम घालते.

हर-२चे वेगळेपण असे की, त्याला चिकटणारा स्वतःचा कोणताही वृद्धिघटक आजवर आढळलेला नाही. तो जन्मतःच उघडा, जोडीसाठी सदैव तत्पर असतो. याउलट हर-३ ला संदेश मिळतो, परंतु त्याचे आतील विकर जवळजवळ निष्क्रिय असते. एकाला संदेश घेता येत नाही, दुसऱ्याला स्वतः कर्म करता येत नाही. आपल्या परिचयाचा पंग्वंधन्याय येथे अक्षरशः लागू पडतो, कारण या दोघांची जोडी कुलातील सर्वांत प्रबळ संदेश देते. विशेषतः एकेटी मार्ग तिच्यामुळे जोराने चालतो.

आता विकृती. प्राकृत पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही स्तनार्बुदांत त्या अनेक पटींनी वाढतात आणि पेशीपटलावर ग्राहकांची इतकी दाटी होते की, बाहेरून संदेश न येताही जोड्या जमत राहतात. उंदराच्या एका जातीत याच जनुकातील एका अमिनो आम्लाच्या बदलाने अर्बुद होते. मानवी स्तनार्बुदात मात्र बहुधा प्रथिन निर्दोष असते, संख्याच दोषास कारण होते. १९८७ मध्ये डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १८९ अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ३० टक्के अर्बुदांत ही वाढ आढळली आणि त्या स्त्रियांत रोगाचा पुनरुद्भव लवकर होत होता. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ ते २० टक्के असे स्थिरावले आहे.

येथे नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो : मुलीलाही हे होईल का? हर-२ची ही वाढ अर्बुदाच्या पेशींत घडते, ती बीजदोष म्हणून संततीत उतरत नाही. बीआरसीए जनुकांची गोष्ट निराळी. या दोहोंची गल्लत करून आपणच घरात भीती पेरू नये.

अहवालात ०, १+, २+ किंवा ३+ असे अंक असतात. ३+ म्हणजे निश्चित वाढ. २+ हा संदिग्ध असून त्यावर फिश ही जनुकाच्या प्रती मोजणारी परीक्षा आवश्यक ठरते. ती झाली नसेल तर रुग्णेला आधी तिकडे पाठवावे. २०२२ पासून १+ आणि फिशमध्ये वाढ नसलेला २+ यांनाही महत्त्व आले आहे, कारण शरीरात पसरलेल्या अशा रोगातही ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाचा लाभ दिसला.

ग्राहकाच्या बाह्य भागाला चिकटणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. २००५ च्या चाचण्यांत शस्त्रकर्मोत्तर वापराने पुनरुद्भवाचा धोका सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसून आले. ही चिकित्सा साधारणतः वर्षभर चालते. २०१४ पासून भारतीय बनावटीचे समकक्ष औषधही उपलब्ध आहे, तरी खर्च लहान नाही. मध्येच चिकित्सा सोडून 'आता फक्त आयुर्वेदच' म्हणत येणाऱ्या रुग्णा आपण सर्वांनी पाहिल्या असतील. अशा वेळी 'आधी ते पूर्ण करा' हे वैद्याच्या तोंडचे वाक्य फार मोलाचे ठरते. अर्बुदाचा शेष राहिल्यास ते पुन्हा वाढते, हे सुश्रुतांनी चिकित्सास्थानात स्पष्ट सांगितलेच आहे. हर-२ म्हणजे अमुक दोष किंवा अमुक अग्नी अशी समीकरणे मांडणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. आम्हाला ती पटत नाहीत. त्यांनी ना शास्त्र उजळते, ना रुग्णेचे हित साधते.

हृदयाचा मुद्दा सर्वांत निकडीचा. हृदयाच्या मांसपेशीही न्युरेग्युलिन या घटकाचा संदेश हर-४ व हर-२ यांच्या जोडीने घेतात आणि त्यावर तगून राहतात. त्यामुळे अर्बुदासाठी हर-२ अडविला की हृदयालाही झळ पोहोचू शकते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँथ्रासायक्लिन व ट्रॅस्टुझुमॅब एकत्र दिलेल्या २७ टक्के रुग्णांत हृदयाचे कार्य बिघडल्याचे आढळले. म्हणूनच ही औषधे आता सहसा एकाच वेळी देत नाहीत आणि दर तीन महिन्यांनी इकोकार्डिओग्राम करतात. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे हृदय सुधारते, मात्र बिघाड वेळीच ओळखला गेला पाहिजे. अशा रुग्णेला श्रमश्वास, पादशोथ किंवा रात्री उताणे झोपवत नाही अशी लक्षणे आली, तर 'किमोचा अशक्तपणा' समजून अर्जुनारिष्ट देऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. तिला त्याच दिवशी अर्बुदतज्ज्ञाकडे पाठवावे.

अरुची व अग्निमांद्यासाठी आपण सहज त्रिकटू देतो. मरिच व पिप्पली यांतील पिपरीन यकृतातील सीवायपी ३ए४ या विकराला रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पॅक्लिटॅक्सेल आणि लॅपॅटिनिब या औषधांचे विघटन करण्यात याच विकराचा वाटा असतो. तेव्हा या काळात त्रिकटूऐवजी पेया, विलेपी, मुद्गयूष अशा आहारकल्पांवर भर द्यावा. कोणताही कल्प सुरू करण्यापूर्वी त्याचे नाव व मात्रा कागदावर लिहून रुग्णेच्या हाती अर्बुदतज्ज्ञाकडे द्यावी आणि शेवटच्या इकोकार्डिओग्रामची तारीख आपल्या रुग्णपत्रकात नोंदवून ठेवावी.