बोर्ड चारशेचा, खर्च किती?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत ‘बॅटरीवर चालणारा बोर्ड दाखवा’ म्हटलं, की बहुतेक वेळा काउंटरवर ईएसपी३२ चा डेव्हकिट येतो. किंमत साडेतीनशे ते पाचशे रुपये. वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम चढवता येतो, अडलं तर मदतही भरपूर मिळते. शिकायला उत्तमच. पण शेतातल्या ओलाव्याची किंवा गच्चीवरच्या टाकीची नोंद महिनोन् महिने एकाच सेलवर घ्यायची असेल, तर पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: हा बोर्ड झोपेत किती वीज खातो?

चिप किती खाते, असं विचारू नका. ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते आणि जाहिरातीत हाच आकडा असतो. पण बोर्डावर चिप एकटी नसते. यूएसबीशी बोलणारी दुसरी चिप असते, सतत जळणारा छोटा लाल दिवा असतो आणि ५ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा रेग्युलेटर असतो. स्वस्त बोर्डांवर हा रेग्युलेटर बहुधा एएमएस१११७ असतो. बाकी सगळं झोपलेलं असलं तरी तो स्वतःच ५ मिलीअँपिअरच्या आसपास घेत राहतो. सगळं मिळून झोपलेला डेव्हकिट साधारण १० मिलीअँपिअर खातो, म्हणजे चिपच्या हजारपट.

याचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. समजा, यंत्र दर पंधरा मिनिटांनी जागं होतं, चार सेकंद वाय-फाय चालवतं आणि तेवढ्या वेळात सरासरी १०० मिलीअँपिअर घेतं. पंधरा मिनिटांवर वाटलं तर जागेपणाचा खर्च अर्ध्या मिलीअँपिअरच्याही आत बसतो. त्यात झोपेचे १० मिलीअँपिअर मिळवा: २५०० मिलीअँपिअर-तासांचा सेल दहा दिवसांत संपतो. तीच चिप बॅटरीसाठी नीट आखलेल्या बोर्डावर असेल, तर तोच सेल कागदावर साडेसात महिने पुरतो. नोंद पंधरा मिनिटांऐवजी तासाला एकदाच घेतली, तर दुसरा बोर्ड दोन वर्षांच्या वर जातो; डेव्हकिट मात्र दहा दिवसांवरच अडतो. प्रोग्राम कितीही सुधारला तरी त्यात फरक पडत नाही. अनेक विद्यार्थी प्रोजेक्टच्या शेवटच्या आठवड्यात या जागी अडकतात आणि प्रोग्राममध्ये दोष शोधत बसतात, हे पाहून वाईट वाटतं.

पुढच्या किमती साधारण आहेत. डॉलर आणि दुकान बदललं की शे-दोनशेचा फरक पडतो. ऑनलाइन घेताना किंमत जीएसटी धरून आहे का ते आधी बघा. काही ठिकाणी १८ टक्के शेवटच्या पानावर वाढतात, शिवाय छोट्या ऑर्डरवर टपालखर्च वेगळा.

कमी विजेचं तंत्र मुळापासून शिकायचं असेल, तर माझा कौल टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० लाँचपॅडला. २०१० मध्ये तो बाजारात आला तेव्हा किंमत होती ४.३० डॉलर, चिपच्या नावातलाच आकडा. आज त्याची सुधारलेली आवृत्ती, जी२ईटी, बाराशे ते अठराशेला मिळते. बोर्डाच्या मधोमध जंपरची एक ओळ आहे. अलीकडे यूएसबी आणि प्रोग्राम चढवण्याचा भाग, पलीकडे मुख्य चिप. जंपर काढले की चिप एकटी उरते, आणि ३.३ व्होल्टच्या जंपरच्या जागी मीटर जोडला की फक्त तिचा प्रवाह दिसतो. शिवाय ऊर्जा मोजण्याची सोय बोर्डातच आहे. कंपनीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आलेखही दिसतो. चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते, म्हणून प्रोग्राम चढवल्यावर ती उचलून ब्रेडबोर्डवर लावता येते. १.८ ते ३.६ व्होल्टवर चालत असल्यामुळे दोन पेन्सिल सेल थेट जोडता येतात, रेग्युलेटर लागतच नाही. फक्त रीसेटच्या पायाला ४७ किलोओहमचा रोध वरच्या व्होल्टेजशी जोडायला विसरू नका. घड्याळ चालू ठेवून ही चिप अर्ध्या मायक्रोअँपिअरवर झोपते. सेन्सर धरून सरासरी १० मायक्रोअँपिअरवर आणली, तर सीआर२०३२ चा गोल सेल हिशेबाने अडीच वर्षं जातो. (ईएसपी३२ ला हा गोल सेल लावू नका. वाय-फाय चालू होताना ती काही क्षण शेकड्यांनी मिलीअँपिअर मागते आणि एवढा प्रवाह देणं या सेलला झेपत नाही.) उणिवा दोन: लाँचपॅडला वाय-फाय नाही आणि मेमरी तुटपुंजी आहे, १६ किलोबाइट फ्लॅश आणि अर्धा किलोबाइट रॅम.

त्याच्यापेक्षा मोठं काम असेल, तर एसटीएम३२ च्या ‘एल’ मालिकेतला न्यूक्लिओ बोर्ड बघा. दीड-दोन हजार पडतात, आणि मोठ्या न्यूक्लिओवर प्रवाह मोजण्यासाठी वेगळा जंपर दिलेला असतो. आर्डुइनो ऊनो आणि रास्पबेरी पाय पिको हे दोन्ही शिकायला चांगले, पण दीर्घ बॅटरीसाठी नाहीत. ऊनो नुसता चालू ठेवला तरी चाळीस-पन्नास मिलीअँपिअर घेतो, आणि पहिला पिको बोर्ड गाढ झोपेतही मिलीअँपिअरच्या आसपास घेत राहतो.

आता बेरीज करू. लाँचपॅड, ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, साधा मल्टिमीटर आणि दोन अल्कलाइन सेल मिळून सोळाशे ते साडेतेवीसशे. ईएसपी३२ च्या वाटेने गेलात, तर सुरुवात आठशे ते हजारात होते: डेव्हकिट, केबल, ब्रेडबोर्ड, वायरी, मीटर. पण यंत्र बॅटरीवर न्यायच्या दिवशी फायरबीटलसारखा बॅटरीसाठीच बनवलेला बोर्ड लागतो, तो नऊशे ते तेराशेचा. सेल, होल्डर आणि (बोर्डावरच सोय नसेल तर) चार्जिंग मॉड्यूलचे आणखी तीन-चारशे. म्हणजे दोन्ही वाटा शेवटी दोन-अडीच हजारांच्या आसपासच पोचतात. फरक इतकाच, की दुसऱ्या वाटेवर खर्च दोन हप्त्यांत होतो.

या यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू दोनशे रुपयांचा पिवळा मीटर आहे. तो वापरताना एक अडचण हमखास येते. २००० मायक्रोअँपिअरच्या रेंजवर मीटर वायरीच्या वाटेत साधारण १०० ओहमचा रोध घालतो. बोर्ड झोपलेला असतो तोवर काही बिघडत नाही. तो जागा झाला आणि ८० मिलीअँपिअर मागू लागला, की त्या रोधावरच ८ व्होल्ट पडायला हवेत, आणि सेल तर चारच व्होल्टचा. बोर्ड उपाशी राहतो आणि पुन्हा पुन्हा रीसेट होतो. उपाय सोपा आहे. मीटरच्या दोन्ही टोकांमध्ये एक वायर आडवी जोडा, म्हणजे प्रवाह तिच्यातून जाईल. चाचणीपुरती झोप एक मिनिटाची ठेवा. बोर्ड झोपला की वायर काढा, आकडा वाचा आणि तो उठायच्या आत वायर परत लावा. झोपेतला प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर आधी दिवा आणि रेग्युलेटर तपासा, मग सेन्सर. सेन्सरची वीज नेहमी एखाद्या पिनवरून द्यावी, म्हणजे झोपताना ती तोडता येते.

याहून बारीक मोजायचं असेल, तर नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ आहे. तो २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत मोजतो आणि जागं होतानाची प्रत्येक उसळी पडद्यावर दाखवतो. साधारण दहा हजारांची वस्तू असल्यामुळे एकट्याने घेण्यापेक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने एक घ्यावा.

दोन वस्तू घेताना दुकानात विशेष सावध राहा. बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर तीन-चारशेचा. त्याच्याच नावावर बीएमपी२८० गळ्यात मारला जातो. तो शंभराच्या आत मिळतो आणि आर्द्रता मोजत नाही. घरी आल्यावर लगेच नमुना प्रोग्राम चालवून ओळख-क्रमांक वाचा. हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. बदलून घेण्यासाठी बिल जपून ठेवा.

दुसरी वस्तू १८६५० लिथियम सेल. वेष्टनावर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलं असेल तर तो घेऊच नका. या आकारात चांगल्या सेलचा आकडा ३५०० च्या आसपास थांबतो. खरा सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो, बनावट बरेचदा तीसच्या आसपास. दुकानात छोटा वजनकाटा असेल तर तिथेच टाकून बघा. चार्जिंगसाठी टीपी४०५६ मॉड्यूल घेताना ‘आउट’ची दोन टोकं वेगळी दिलेलं मागा. त्यात सेल अति उतरण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवणारी चिप असते, आणि फरक जेमतेम दहा रुपयांचा.