'ड्रॉ' : एका लहान शब्दाचा अभ्यास



रविवारच्या अभ्यासवर्गात इंग्रजी शिकविताना आम्हांस वारंवार असे आढळून आले आहे, की आपले विद्यार्थी लांबलचक इंग्रजी शब्दांना घाबरतात आणि लहान शब्दांकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द एकदा पाठ केला की तो पुन्हा फसवीत नाही. फसवितात ते लहान शब्द. आपण ते तिसरी-चौथीत शिकलेलो असतो, म्हणून ते आपल्याला येतात असे आपण समजून चालतो. 'ड्रॉ' हा त्यांपैकी एक. इंग्रजी लिपीत अवघी चार अक्षरे. अर्थ विचारला तर वर्गातील सगळी मुले एका सुरात 'चित्र काढणे' असे सांगतात.

हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. अपुऱ्या उत्तराने काय होते, त्याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यातील आहे. मानकोलीच्या गोदामांतील कामगारांना डबे पुरविणाऱ्या एका ताईंना एका ठेकेदाराने अठ्ठावीस हजारांचा चेक दिला. ताईंनी तो खात्यात भरला. तो परत आला आणि सोबत एक छापील चिठ्ठी आली. चिठ्ठीवर कारण होते, 'रेफर टू ड्रॉअर'. घरात मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्याने चिठ्ठी वाचली आणि आईला सांगितले, की चेक बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला आहे, बँक तपास करील आणि आपल्याला कळवील. मायलेकांनी वाट पाहिली. आमच्याकडे ती चिठ्ठी आली तेव्हा अडीच महिने उलटून गेले होते.

'ड्रॉअर' म्हणजे येथे टेबलाचा खण नव्हे. चेक काढणारा तो ड्रॉअर. चेक का वटला नाही ते तो ज्याने दिला त्यालाच विचारा, एवढाच त्या तीन शब्दांचा अर्थ आहे. बँकेच्या व्यवहारात बहुधा त्याचा मतलब, खात्यात पुरेसे पैसे नाहीत, असा असतो. बँक ते सभ्य भाषेत सांगते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे, चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला पैशांची मागणी करणारी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढे एक महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. ताईंचे तीस दिवस तर गेलेच होते. चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली असल्याने तो पुन्हा भरण्याचीही सोय उरली नव्हती. राहिला तो दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. अखेर चार माणसे मध्ये पडली आणि ठेकेदाराने हप्त्याहप्त्याने सुमारे निम्मी रक्कम दिली. मुलगा हुशार आहे, त्याचा दोष आम्ही मानत नाही. त्याला हा शब्द कोणी शिकविलाच नव्हता.

आता मूळ शब्दाकडे वळू. 'ड्रॉ'चा जुना अर्थ ओढणे असा आहे. टेबलाचा खण आपण स्वतःकडे ओढतो म्हणून तो ड्रॉवर. कागदावर रेघ ओढतो म्हणून चित्र काढणे म्हणजे ड्रॉइंग. बादली दोराने वर ओढतो, म्हणून विहिरीतून पाणी काढणे हेही ड्रॉ. महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्याविषयी इंग्रजीत वाचताना हा प्रयोग आपल्याला भेटतो. २० मार्च १९२७ रोजी ज्या हक्कासाठी बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली, आणि ज्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी लागला, तो सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी घेण्याचा हक्क इंग्रजीत सांगताना हेच क्रियापद येते. तेथे 'पाण्याचे चित्र काढणे' असा अर्थ करून कसे चालेल? हसू नका, आमच्या वर्गात एकाने तसा केला होता.

मात्र मराठी मुलाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे त्याचा जोडीदार आहे. आपण चित्र काढतो, पाणी काढतो, बँकेतून पैसे काढतो, चेक काढतो, चिठ्ठ्या टाकून नाव काढतो, वाक्याचा अर्थ काढतो. या सहाही ठिकाणी इंग्रजीत 'ड्रॉ' चालतो. 'काढणे' या शब्दाचे इतके अर्थ आपण शब्दकोश न उघडता शिकलो. आईच्या तोंडून वाक्ये ऐकली, कशाबरोबर तो शब्द येतो ते पाहिले आणि अर्थ आपोआप कळला.

पण जोडीदार म्हणजे जुळा भाऊ नव्हे. मराठी 'काढणे'चा ओढा बाहेरच्या दिशेला आहे, इंग्रजी 'ड्रॉ'चा ओढण्याकडे. त्यामुळे काही ठिकाणी दोघांची फारकत होते आणि नेमके तेथेच गुण जातात. फोटो काढणे याला ड्रॉ चालत नाही, 'टेक' लागतो. फोटो ड्रॉ केला असे लिहिले तर परीक्षक समजेल की तुम्ही पेन्सिलीने काढला. कर्ज काढणे, मोर्चा काढणे, आठवण काढणे, कष्टात दिवस काढणे, कोणाची खोडी काढणे, यांपैकी एकालाही ड्रॉ लावू नये. उलट पडदा ड्रॉ करणे म्हणजे पडदा काढून टाकणे नव्हे, तो ओढणे. ओढून बंद केला की उघडला, हे पुढच्या-मागच्या वाक्यावरून ठरवावे लागते. आजारी माणसाचा चेहरा ओढलेला दिसतो असे आपण म्हणतो, इंग्रजही अगदी हाच शब्द वापरतो. लक्ष वेधून घेणे आणि श्वास आत घेणे यांतही ओढणेच आहे.

बँकेच्या कागदांत या शब्दाचे गोत मोठे आहे, आणि आमचा रोजचा संबंध तेथेच. चेकवर तीन पक्ष असतात. काढणारा तो ड्रॉअर. ज्या बँकेवर काढला ती ड्रॉई. ज्याच्या नावे काढला तो पेयी. बँके'वर' चेक काढणे, यातला 'वर' इंग्रजीतही 'ऑन' म्हणून हजर आहे, तो विसरू नये. खात्यातील शिल्लकेपेक्षा जास्त उचल केली तर खाते ओव्हरड्रॉन झाले. पैसे काढण्याची चिठ्ठी ती विथड्रॉअल स्लिप. येथे पुष्कळांना 'विथ' म्हणजे 'सह' असे वाटते. तसे नाही. जुन्या इंग्रजीत 'विथ'ला विरुद्ध किंवा दूर अशी छटा होती, ती या शब्दात उरली. दूर ओढून नेणे, मागे घेणे, काढून घेणे, हे विथड्रॉ. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार अर्ज मागे घेतो तेही विथड्रॉ. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ११४ मध्ये, कायद्याने विनियोजन केल्याशिवाय भारताच्या संचित निधीतून कोणताही पैसा काढता येणार नाही, असे सांगितले आहे. त्या इंग्रजी मजकुरातील 'काढणे' म्हणजे हेच विथड्रॉ. आपल्या दोनशे रुपयांच्या स्लिपवरचा शब्द आणि देशाच्या तिजोरीवरचा शब्द एकच आहे, हे वर्गात सांगितले की मुले पुढे सरकून बसतात.

'ड्राफ्ट' हा याच कुळातला शब्द. एका मुलीने आम्हांस विचारले, की बाबासाहेब ड्राफ्टिंग कमिटीचे अध्यक्ष होते आणि तुमच्या बँकेतही ड्राफ्ट मिळतो, तर दोन्हींत नाते काय? प्रश्न उत्तम होता. बँकेचा ड्राफ्ट म्हणजे एका शाखेने दुसऱ्या शाखेवर किंवा बँकेवर काढलेला पैसे देण्याचा आदेश. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचा ड्राफ्ट म्हणजे आखून काढलेला मजकूर. आणि शेतीच्या पुस्तकात ओढकामाच्या बैलांना जो इंग्रजी शब्द असतो, तोही वेगळ्या स्पेलिंगने हाच. तिन्हींच्या मुळाशी ओढणे आहे.

भिवंडीच्या मुलांना आणखी एक अर्थ घरचाच आहे. माग चालू करण्यापूर्वी ताण्याचा एकेक धागा हाताने वईतून आणि फणीतून ओढून घ्यावा लागतो. शेकडो धागे, एक चुकला तर कापडात दोष. विणकामाच्या इंग्रजी पुस्तकात या कामाला ड्रॉइंग-इन म्हणतात. ज्यांच्या घरी हे काम होते त्यांनी 'ड्रॉइंग' शब्द पाहून चित्रकलेची वही आठवू नये.

गोदामात कारकुनी करणाऱ्यांसाठी एक सूचना. 'ड्रॉबॅक' म्हणजे उणीव हे खरे; परंतु निर्यातीच्या कागदांवर 'ड्यूटी ड्रॉबॅक' असेल तर तो भरलेल्या जकातीचा परतावा असतो, मालातील दोष नव्हे. सामना ड्रॉ झाला म्हणजे अनिर्णित राहिला, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाचा ड्रॉ म्हणजे सोडत, हे सर्वांना ठाऊकच आहे.

रूपे मात्र पाठ करावीत : ड्रॉ, ड्रू, ड्रॉन. 'ड्रॉड' असे रूप नाही. दर परीक्षेत ते कोणीतरी लिहितेच.

पुढील रविवारी वर्गात 'बेअर' हा शब्द घेणार आहोत. येताना प्रत्येकाने घरातील जुन्या चेकबुकाचे एखादे पान आणावे. त्यावर 'बेअरर' कोठे छापले आहे ते शोधून ठेवावे, आणि तो शब्द पेनाने खोडला तर काय होते, हे घरच्यांना विचारून यावे.