कथेतील माणूस खरा कसा वाटतो?

(बी. ए. भाग २)

महाविद्यालयीन वार्षिकांतील पुष्कळ कथांत खेड्यातील आई भेटते. ती गरीब, कष्टाळू आणि सोशीक असते. शेवटच्या परिच्छेदात बहुधा ती मरते. वाचकाला घटकाभर वाईट वाटते, पण ती आई त्याच्या लक्षात राहत नाही. असे का व्हावे? माझ्या मते लेखकाने तिला गुण दिलेले असतात, पेच दिलेला नसतो.

कागलचे आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी या दृष्टीने वाचावी. २०१० साली तिच्यावर निघालेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातील गुणा मजुरी करणारा, पैलवानी अंगाचा गडी. पण त्याला वेड तमाशाचे. फड उभा करायचा तर नाच्या हवा. दुसरे कोणी तयार होत नाही, तेव्हा तो स्वतःच नाच्या होतो. एकीकडे पुरुषी देहाचा अभिमान, दुसरीकडे कलेची ओढ. आणि निवडीची किंमत घरात व गावात मोजावी लागते. गुणा खरा वाटतो तो या ओढाताणीमुळे.

दुसरा धडा वि. स. खांडेकरांचा. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेल्या या लेखकाने ‘ययाती’ (१९५९) मध्ये ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापली बाजू स्वतः सांगू दिली. दुसऱ्याच्या नजरेने गर्विष्ठ दिसणारी देवयानी स्वतः बोलू लागली, की तिचेही दुःख आपल्याला कळते. प्रत्येक माणसाला स्वतःचे वागणे बरोबरच वाटत असते, हे कथाकाराने विसरू नये.

आता आपल्याच गावातील आई घेऊ. दारात दुभती म्हैस आहे, पण पेंडीची उधारी भागवायची म्हणून सगळे दूध संस्थेत जाते आणि घरात कोरा चहा होतो. तरीही कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी ती कपभर दूध मागे ठेवते. मुलगी विचारते, “आणि मला गं?” आई म्हणते, “तुला काय परीक्षा हाय व्हय?” ही आई प्रेमळ आहे आणि अन्यायही करते आहे. तिचे वर्णन करावे लागत नाही. तिची बोली आणि तो कप पुरेसा आहे. यावर लेखकाने भाष्य करू नये.

आपल्याच माणसांविषयी असे लिहिणे जड जाते. ज्यांच्या घरात शिकणारे आपण पहिलेच, त्यांना तर आईचे उणे लिहिणे म्हणजे कृतघ्नपणाच वाटतो. पण तिला देवी केले, की तिचा राग, तिची लबाडी, तिचा हिशेब सारे पुसले जाते. मग ज्या बाईने आपल्याला वाढवले, ती कथेत येतच नाही. म्हणून लिहिण्यापूर्वी एवढेच विचारावे : या माणसाला काय हवे आहे, ते मिळवताना तो कोणाला दुखावतो, आणि तेव्हा तो काय बोलतो? उत्तर मिळाले, की मगच लेखणी उचलावी.